घागर विहिरीवरच राहिली



आज प्रायश्चित्तकाळाचा तिसरा रविवार. आजच्या मिस्सेत आपण संत योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय ऐकला. भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी स्त्री आणि वाटचालीने दमून तिथे बसलेले आपले प्रभू यांची ती भेट. भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला ही गोष्ट फार समजावून सांगावी लागत नाही. आपला जिल्हा तलावांचा आणि पितळी भांड्यांचा. तरीही उन्हाळा लागला आणि विहीर तळाला गेली की पाण्याची किंमत काय होते, भरलेल्या गुंडाचे ओझे डोक्यावर किती असते, हे आपल्या आया-बहिणींना ठाऊक आहे. म्हणूनच योहानाने नोंदवलेली एक बारीक गोष्ट माझ्या मनात नेहमी घर करून राहते. ती बाई आपली घागर विहिरीवरच ठेवून गावाकडे गेली. भांडे मातीचे असो की पितळेचे, पाण्याला आलेली बाई ते असे सोडून जात नाही.

योगायोग असा की आज ८ मार्च, जागतिक महिला दिनही आहे. बायबलमधील स्त्रियांकडून विश्वासाचे धडे घ्यावेत असा आजचा दिवस. पण आज मी त्या शोमरोनी स्त्रीवर प्रवचन न लिहिता, तिच्या गोष्टीने जिचे आयुष्य पालटले त्या आपल्या मराठी भगिनीची कथा सांगणार आहे. तिचे नाव पंडिता रमाबाई.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा अँग्लिकन पंथात झाला आणि पुढे त्या कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत फारशा रमल्या नाहीत. आपल्या काही शिकवणुकी त्यांना पटल्या नसत्या. परंतु आपल्यापासून विभक्त असलेल्या ख्रिस्ती बांधवांमध्ये ख्रिस्ताने दिलेली कृपा आनंदाने ओळखावी, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली आपल्याला शिकवले आहे. त्या शिकवणीला धरूनच हे लिहितो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे गाढे पंडित. स्त्रियांना संस्कृत शिकवणे पाप समजले जाई, त्या काळात त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्यावरून विरोध झाला तरी ते मागे हटले नाहीत. लक्ष्मीबाईंनी तीच विद्या लेकीला दिली. पहाटे पाखरे किलबिलू लागायच्या वेळी झोपेने पेंगणाऱ्या पोरीला उठवून, मायेने गोंजारून, आई पाठ देत असे. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत देशभर फिरू लागले. देवळात, नदीच्या घाटावर पुराण सांगायचे आणि लोक देतील त्यावर जगायचे. थोडी मोठी झाल्यावर रमाही पुराण सांगू लागली. भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत होते.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. १८७४ पासून थोड्याच काळात वडील गेले, आई गेली, मोठी बहीणही गेली. विद्या पुष्कळ होती, पण घरात दाणा नव्हता, आणि उच्च कुळाच्या अभिमानामुळे मोलमजुरीही करता येत नव्हती. आईच्या अंत्यविधीचा प्रसंग अंगावर काटा आणणारा आहे. खांदा द्यायला माणसे मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा खांदा भाऊ श्रीनिवासचा, चौथा रमेचा. ती ठेंगणी असल्यामुळे तिरडीचा भार तिला खांद्यावर घेता येईना, म्हणून तिने तो डोक्यावर घेतला. तेव्हा ती पुरती सतरा वर्षांचीही झाली नसेल.

भाऊ आणि बहीण पायी फिरत, उपाशी राहत, १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी या तरुण मुलीचे संस्कृत ऐकले आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. त्याच शहरात ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याचे तिला आमंत्रण मिळाले. तेथे लोक खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून डोळे मिटून बसलेले पाहून, हे लोक खुर्च्यांनाच भजतात की काय, असे तिला वाटले. तिथे तिला संस्कृत बायबलची एक प्रत भेट मिळाली. ती तिने वाचायला घेतली, पण भाषा वेगळीच वाटली आणि मन काही लागले नाही. देवाचा शब्द हातात आला, पण हृदयाचे दार उघडायला अजून वेळ होता. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी कपाटावर ठेवलेल्या बायबलचे असेच होते, नाही का?

१८८० साली भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. ते वेगळ्या जातीचे होते, त्यामुळे हे लग्न नोंदणी पद्धतीने झाले. आसामातील सिल्चर येथे संसार सुरू झाला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. त्या घरातच रमाबाईंना संत लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली आणि त्या ती आवडीने वाचू लागल्या. पण फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीला पटकीने गाठले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. मांडीवर वर्षाचेही नसलेले मूल आणि मागे कोणी नाही.

त्या काळी उच्चवर्णीय विधवा म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. केशवपन, एकवेळचे जेवण, अंधारी खोली. नवरा मेला तो हिच्याच पायगुणाने, असा बोल कपाळी. इथे क्षणभर थांबून शोमरोनी स्त्रीकडे पाहू या. तिला पाच पती होऊन गेले होते. आम्ही धर्मगुरू प्रवचनात तिला पटकन पापिणी म्हणून मोकळे होतो. पण प्रभू येशूंनी तिला तो शब्द लावलेला नाही. त्या समाजात सूत्रे पुरुषांच्या हाती. पाचांपैकी किती वारले आणि कितींनी तिला टाकून दिले, हे शुभवर्तमान सांगत नाही. एवढे मात्र दिसते की बाया सकाळ-संध्याकाळ पाण्याला येत असताना ही भर उन्हात एकटी आली. लोकांच्या बोलण्यापेक्षा तिला ऊन परवडत असावे.

रमाबाई पुण्यात आल्या. १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिले आणि शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. स्त्रियांना शिक्षिका आणि डॉक्टर मिळाल्या पाहिजेत, हे त्यांनी सरकारला सांगितले. स्वतः वैद्यकी शिकावी म्हणून १८८३ साली त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथे अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या. कानाने कमी ऐकू येत असल्याने वैद्यकीचा विचार सोडावा लागला. बरोबर आलेली सखी आनंदीबाई भगत हिचा तिथे दुःखद अंत झाला. परका देश, परकी भाषा आणि पुन्हा एकदा मृत्यू.

याच दिवसांत त्या धर्मभगिनींनी रमाबाईंना लंडनमधील फुलहॅम येथे नेले. समाजाने वाईट म्हणून झिडकारलेल्या स्त्रियांसाठी तिथे एक घर चालवले जात होते. रमाबाईंनी जे पाहिले त्याने त्या थक्क झाल्या. ज्या बायकांकडे आपल्याकडे कोणी पाहिलेही नसते, त्यांना इथे माया मिळत होती, काम शिकवले जात होते. त्यातल्या काही जणी पालटून आता स्वतःच इतरांची सेवा करीत होत्या. हे तुम्ही कशासाठी करता, असे रमाबाईंनी एका धर्मभगिनीला विचारले. त्या भगिनीने वाद घातला नाही. तिने शुभवर्तमान उघडले आणि ख्रिस्ताची व शोमरोनी स्त्रीची भेट वाचून दाखवली. पापी माणसावर ख्रिस्त किती अपार प्रेम करतो हे सांगितले.

हजारो श्लोक पाठ असलेल्या रमाबाईंना वाटले की असे आपण याआधी कुठेच वाचले नाही. भारतातल्या दलित-पीडित स्त्रीला उचलून घेणारा कोणी असेल तर तो हाच, याची खूणगाठ त्यांच्या मनात बसली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी, महादूत संत मायकेल यांच्या सणादिवशी, त्यांनी व मनोरमेने वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

पण इथे गोष्ट संपत नाही. शोमरोनी स्त्रीने प्रभूला प्रश्न विचारले होते. तू यहुदी असून मला पाणी कसे मागतोस? भजन या डोंगरावर करावे की यरुशलेमात? प्रभू तिच्या प्रश्नांवर रागावले नाहीत. रमाबाईही प्रश्न विचारीतच राहिल्या. त्रैक्याविषयी, धर्माधिकाऱ्यांच्या अधिकाराविषयी त्यांनी वाँटेजच्या भगिनींशी पत्रांतून दीर्घ वाद घातला. त्यांची सगळी मते मी मान्य करीत नाही. परंतु सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना मला एक गोष्ट कळली, ती अशी की प्रामाणिक प्रश्न हा अविश्वास नव्हे. ज्याला काही घेणेदेणेच नाही, तो प्रश्न विचारीत नाही. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत आणि शिकवत असताना, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा आक्षेप भारतातल्या बिशपांनी घेतला. प्रभू एका स्त्रीशी बोलत आहेत हे पाहून शिष्यांनाही नवल वाटले होते. तेव्हाचे नवल आणि हा आक्षेप एकाच घरचे.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली, मदत उभी केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आले. तिथे शिकलेल्या पहिल्या बालविधवांपैकी एक गोदूबाई. तिच्याशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. कर्व्यांनी पुढे हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यापीठ उभारले, ते सर्वांना माहीत आहे. गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. पण रमाबाईंनी दिलेले पाणी वाया गेले, असे कोण म्हणेल? देवाच्या राज्याचा हिशोब केवळ बाप्तिस्म्याच्या वहीत मावत नाही.

त्याच १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले. काही मुली आपल्या मनाने रमाबाईंच्या प्रार्थनेला येऊन बसत. त्यावरून वृत्तपत्रांत टीका झाली, सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची काळजी समजण्यासारखी होती. रमाबाईंचे म्हणणे एवढेच होते की मी कोणावर सक्ती करणार नाही, पण माझ्या घरात माझ्या प्रार्थनेचे दारही लावून घेणार नाही.

याच काळाविषयी त्यांनी एक कबुली दिली आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाचे त्या सांगतात. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना हे उमजले. बंधू-भगिनींनो, आपण तर लहानपणीच बाप्तिस्मा घेतलेले लोक. ही कबुली आपल्याला लागू पडत नाही, असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल का?

१८९६-९७ साली मोठा दुष्काळ पडला. मध्य प्रांताला त्याची जबर झळ बसली. आपला भंडारा जिल्हा तेव्हा याच मध्य प्रांतात होता. भूक काय असते हे रमाबाईंना कोणी सांगावे लागत नव्हते. त्या मध्य प्रांतात आल्या आणि उपासमारीने खंगलेल्या, दलालांच्या तावडीत सापडू पाहणाऱ्या मुलींना व विधवांना बरोबर घेऊन गेल्या. सुमारे तीनशे जणींना आसरा देण्याचा त्यांनी निश्चय केला होता. पुण्यात प्लेगचे निर्बंध आले, तेव्हा दौंडच्या अलीकडे केडगाव येथे घेतलेल्या शेतावर या मुलींची सोय केली. तेच मुक्ती सदन. सारफथच्या विधवेने मूठभर पिठावर एलियाला आधी खाऊ घातले, त्या विश्वासाची इथे आठवण होते. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर केडगावात राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तिथे विहिरी खोदल्या, शेती केली, विणकाम आणि छपाई शिकवली. अंधांसाठी बार्तीमी सदन निघाले. आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन. फुलहॅमला जे पाहिले होते, ते केडगावात उभे राहिले. शोमरोनी स्त्री जणू गावात परत आली होती.

आता घागरीकडे येतो. रमाबाईंच्या डोक्यावरची सगळ्यात मौल्यवान घागर कोणती? त्यांचे संस्कृत. त्यासाठी वडिलांनी विरोध सोसला, आईने पहाटे उठून ते दिले, कलकत्त्याने त्यावर मान दिला. उपासमारीतही ते त्यांनी सोडले नव्हते. पण मुक्तीतल्या मुलींना त्या काळचे मराठी बायबल नीट कळत नाही, त्यातले संस्कृत शब्द त्यांना जड जातात, हे त्यांच्या लक्षात आले. मग सरस्वती ही पदवी मिळवलेल्या या बाईने नवे भाषांतर करायला घेतले, ते अडाणी बाईलाही समजेल अशा साध्या मराठीत. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. जवळजवळ अठरा वर्षे हे काम चालले. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी, सगळे मुक्तीतल्या स्त्रियांनी केले.

काम संपत आले असताना जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. चाळिशीची लेक, आईचा उजवा हात. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता लेक. क्रुसाखाली उभ्या असलेल्या पवित्र मरियेचे दुःख या माउलीच्या वाट्याला आले. तरीही त्या पुन्हा मुद्रितांपुढे बसल्या. भाषांतराचे काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. १९२४ साली संपूर्ण बायबल छापून बाहेर आले.

सेमिनरीतून आलो तेव्हा माझ्याही डोक्यावर एक घागर होती. मोठमोठे शब्द. एका मिस्सेनंतर एका म्हाताऱ्या आजीने मला प्रेमाने सांगितले होते की प्रवचन छान झाले, पण तिला कळले काहीच नाही. त्या दिवशी मला राग आला होता. रमाबाईंचे चरित्र वाचल्यावर मला त्या आजीचे उपकार कळले.

आता तुमच्या-माझ्या घरातली गोष्ट. मागे एका लग्नात आशीर्वादाच्या वेळी नवरदेवाची आई मला दिसेना. शोधले तर ती मंडपाच्या मागच्या खांबापाशी उभी होती. पाच वर्षांपूर्वी तिचे धनी वारले होते. मी बोलावले तरी ती पुढे येईना. कोणी तिला अडवले नव्हते. तिने स्वतःच स्वतःला मागे ठेवले होते, कारण असेच चालत आलेले तिने पाहिले होते. आणि हे लग्न ख्रिस्ती कुटुंबातले होते. २०२२ साली, रमाबाईंच्या निधनाला शंभर वर्षे झाली त्याच वर्षी, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांना कमी लेखणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. एक ग्रामपंचायत जे करू शकते, ते प्रभूच्या मेजाभोवती जमणाऱ्या आपल्या धर्मग्रामाला जमू नये का?

शोमरोनी स्त्रीचे गाव आधी तिच्या सांगण्यावरून प्रभूकडे आले. ज्या बाईशी कोणी बोलत नव्हते, तिच्या शब्दावर गावाने विश्वास ठेवला. मला वाटते, त्या दिवशी सुखार गावानेही आपली एक घागर खाली ठेवली. मोठेपणाची.

म्हणून या प्रायश्चित्तकाळात उपवासासोबत एवढे करू या. आपल्या वाड्या-वस्तीवर एकट्या राहणाऱ्या विधवा भगिनीच्या घरी जाऊन तिच्यासोबत हा चौथा अध्याय वाचा. वाचताना तिला काय वाटते, ते आधी ऐका. घरातल्या पुढच्या शुभकार्यात तिला पहिल्या रांगेत बसवा, आणि ती मागे सरकू लागली तर हात धरून पुढे आणा. यंदा पुनरुत्थानाचा सण ५ एप्रिललाच येतो आहे, रमाबाईंच्या स्मृतिदिनी. त्या पहाटेच्या मिस्सेत मेणबत्ती घेऊन पुढे चालण्याचा मान मी आपल्या धर्मग्रामातील विधवा मातांना देणार आहे. त्यांना घरून घेऊन येणे हे तुमचे काम.

प्रभू येशू आपणां सर्वांना जिवंत पाणी देवो आणि आपल्या डोक्यावरचे जे ओझे आहे ते खाली ठेवण्याचे बळ देवो.

आपला,
धर्मगुरू